हिमपादुका : रुंद तळवा आणि लोखंडी काटा

श्रोतेहो, गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तो एका खेड्यात शिक्षक आहे. चहा होईपर्यंत इकडचे तिकडचे बोलणे झाले आणि मग त्याने हळूच विषय काढला. "सर, चारपाच शिक्षक मिळून डिसेंबरात उत्तराखंडात जायचं ठरलंय. बर्फातून चालत एका शिखरावर जायचं. सगळ्याला चालेल असं पायात काय घ्यावं?"

मी म्हटले, "अरे, मी इतिहासाचा माणूस. चपलांच्या दुकानातला नव्हे." तो हसला. पण तो गेल्यावर मी विचार करू लागलो आणि ध्यानात आले की, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. बर्फावर पाय कसा ठेवावा, या प्रश्नाला माणसाने निदान साडेपाच हजार वर्षे उत्तरे शोधली आहेत. काही उत्तरे बरोबर निघाली, काही चुकली. आणि ज्यांची चुकली त्यांतले पुष्कळजण ते सांगायला परत आले नाहीत. आजच्या भाषणात त्या उत्तरांचीच थोडी हकिगत सांगायची आहे.

आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून आधी घरचे उदाहरण घेऊ. भाताच्या खाचरात चिखलणी झाली आहे आणि तुम्हाला पलीकडच्या बांधावर जायचे आहे. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत रुततो. तिथे एक रुंद फळी टाकली तर माणूस वरच्या वर राहतो, कारण त्याचे वजन मोठ्या जागेवर पसरते. आता दुसरे चित्र पाहा. पावसाळ्यातली शेवाळलेली दगडी पायवाट आहे, आणि उताराची. तिथे तीच फळी टाकून तिच्यावर पाय दिलात तर काय होईल? फळी सुटेल आणि तिच्याबरोबर तुम्हीही. तिथे फळी कामाची नाही. तिथे टोकदार काठी हवी, किंवा बोटे रोवता येतील असा अनवाणी पाय हवा.

बर्फाची गोष्ट तशीच आहे. नुकताच पडलेला भुसभुशीत हिम म्हणजे चिखलाचे खाचर. तोच हिम दिवसा उन्हाने वितळून रात्री गोठला, किंवा वाऱ्याने दाबला गेला, की त्याची शेवाळलेली पायरी होते. पहिल्याला रुंदी हवी, दुसऱ्याला अणकुची हवी. डोंगरावर ही दोन्ही रूपे एकाच दिवसात, कधी एकाच वळणाच्या अलीकडे-पलीकडे, भेटतात. सगळी अडचण तिथे आहे.

रुंदीचा हिशेब शाळेतल्या मुलांनाही करता येईल. ओझ्यासकट ७५ किलो वजनाचा माणूस एका पायावर उभा आहे आणि त्याच्या बुटाचा तळ २५० चौरस सेंटिमीटर आहे असे धरा. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ३०० ग्रॅम भार आला. आता त्याच बुटाखाली १,००० चौरस सेंटिमीटरची चौकट बांधली तर भार ७५ ग्रॅमवर येतो, म्हणजे चौथ्या हिश्श्यावर. या चौकटीला इंग्रजीत स्नोशू म्हणतात. आपण हिमपादुका म्हणू. ताज्या हिमात तीही थोडी रुतते, पण माणूस कमरेपर्यंत बुडत नाही.

ही युक्ती किती जुनी? २००३ साली आल्प्स पर्वतात, इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरच्या गुर्गलर आइसयोख नावाच्या खिंडीत, सुमारे ३,१३४ मीटर उंचीवर, एका इटालियन नकाशाकाराला वितळत्या हिमनदीपाशी बर्च लाकडाची एक वाकवलेली चौकट सापडली. तिला दोरीचे तुकडे होते. कुण्या शेतकऱ्याची अलीकडची वस्तू असेल, अशा समजुतीने ती काही वर्षे त्याच्या कचेरीत तशीच राहिली. पुढे तिची शास्त्रीय तपासणी झाली आणि २०१६ साली निष्कर्ष जाहीर झाला : ही हिमपादुका इसवी सनापूर्वी ३८०० ते ३७०० या काळातली आहे. ज्ञात असलेली ही सर्वांत जुनी. म्हणजे त्या काळी माणसे भर बर्फात तीन हजार मीटरवरच्या खिंडी ओलांडीत होती.

लेखी पुरावा पाहायचा तर ग्रीकांकडे जावे लागते. इसवी सनापूर्वी ४०१-४०० च्या हिवाळ्यात झेनोफोन हा ग्रीक सेनानी आपले सैन्य घेऊन आर्मेनियाच्या डोंगरांतून मायदेशी परतत होता. बर्फात माणसे आणि जनावरे पटापट मरत होती. एका गावी मुक्काम पडला. तिथल्या गावप्रमुखाने, आपण त्याला पाटील म्हणू, त्यांना सांगितले की, बर्फातून नेताना घोड्यांच्या पायांना पिशव्या बांधा. नाहीतर ती पोटापर्यंत रुततील. दहा हजारांच्या सैन्यात पुष्कळ शूर आणि शहाणे लोक होते, पण ही गोष्ट ठाऊक होती गावच्या पाटलाला.

त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी स्ट्रेबो नावाचा भूगोलकार झाला. तो अमासियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एका डोंगराळ गावचा. कॉकेशस पर्वतातल्या लोकांविषयी त्याने लिहिले आहे की, ते बर्फावर चढताना बैलाच्या कच्च्या कातड्याचे, नगाऱ्याच्या तोंडासारखे रुंद जोडे पायांना बांधतात आणि त्यांना खाली अणकुचीदार काटे असतात. उतरताना मात्र ते सामानासकट कातड्यावर बसून घसरत खाली येतात, आपल्याकडे कोकणात मुले पोफळीच्या झावळीवर बसून घसरतात तशी! शेजारच्या प्रदेशात काटे बसवलेल्या लाकडी चकत्या जोड्याखाली बांधीत, असेही तो नोंदवतो.

श्रोतेहो, या वर्णनाकडे नीट पाहा. नगाऱ्याची रुंदी हिमासाठी आणि काटे गोठलेल्या बर्फासाठी. चिखल आणि शेवाळ या दोहोंना एकाच जोड्यात उत्तर! उंच चढावर काय लागते, हे कॉकेशसच्या डोंगरी लोकांना दोन हजार वर्षांपूर्वी कळलेले होते. पुढची हकिगत ऐकताना हे लक्षात ठेवा, कारण हेच उत्तर नव्या कारखानदारीच्या जगाला पुन्हा सापडायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

आता उत्तर अमेरिकेकडे वळू. हिमपादुकेची कला जितकी तिथल्या मूळ रहिवाशांच्या हाती वाढली तितकी बहुधा कुठेच वाढली नाही. ॲश नावाच्या चिवट लाकडाची पट्टी वाफेवर वाकवून चौकट करायची आणि हरणाच्या कच्च्या कातड्याच्या वाद्यांनी तिच्यात जाळी विणायची. पुष्कळ जमातींत चौकट पुरुष वाकवीत आणि जाळी स्त्रिया विणीत. सतराव्या शतकाच्या आरंभी सॅम्युएल द शांप्लँ हा फ्रेंच प्रवासी कॅनडात आला. फ्रान्समध्ये चेंडू खेळायची जी रॅकेट असते तिच्या दुप्पट-तिप्पट मोठी वस्तू हे लोक पायांत घालतात, असे त्याने लिहून ठेवले. फ्रेंच भाषेत हिमपादुकेला आजही 'राकेत' म्हणतात.

पण सगळ्यांची पादुका एकसारखी नव्हती. मोकळ्या विस्तीर्ण प्रदेशात शिकारीसाठी फिरणाऱ्या क्री लोकांच्या पादुका लांबलचक, पुढे टोक वर वळलेल्या. पूर्वेकडच्या दाट जंगलात आणि टेकड्यांत मात्र आखूड, गोल पादुका वापरीत. गोऱ्यांनी त्यांना 'अस्वलाचा पंजा' असे नाव दिले. कारण उघड आहे. सपाट मैदानावर लांब पादुका सरळ आणि वेगाने जाते. झाडीत वळावे लागते, ओंडके ओलांडावे लागतात, चढ चढावे लागतात. तिथे लांब शेपटी अडकते. आपल्याकडे घाटातली गाडी आणि देशावरची गाडी हाकणारे वेगळा विचार करतात, तसेच हे.

या ज्ञानाची किंमत युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांना फार महाग पडली. २९ फेब्रुवारी १७०४ च्या पहाटे, मॅसॅच्युसेट्समधल्या डियरफील्ड या इंग्रज वस्तीवर फ्रेंच आणि त्यांचे मूळ रहिवासी मित्र यांनी छापा घातला. कॅनडातून सुमारे ३०० मैल ते हिमपादुकांवर आले होते. गावाभोवतीच्या कुसाला वाऱ्याने बर्फाचे ढीग लागले होते, त्यांवरून ते आत उतरले. शंभराहून अधिक स्त्रीपुरुष आणि मुले कैद करून ते उत्तरेकडे निघून गेले. शेजारच्या गावांतून मदत आली, पण फार दूर पाठलाग करता येईना. खोल बर्फ होता आणि त्यांच्यापाशी पुरेशा हिमपादुका नव्हत्या! आपली माणसे डोळ्यांदेखत जाताहेत आणि पाय रुतताहेत, ही अवस्था कशी असेल याची कल्पना करा. त्यानंतर मात्र सरहद्दीवरच्या शिपायांना हिमपादुका पुरवण्याचा हुकूम निघाला.

आता चढणीचा प्रश्न पाहू. मैदानावर राज्य करणारी लांब लाकडी पादुका तीव्र उतारावर का फसते? सरळ चढताना तिच्या जाळीखाली धरून ठेवणारे काही नसते. बर्फ कडक असला की ती मागे सरकते. उतार आडवा कापताना तर आणखी पंचाईत. वरच्या बाजूची कड तेवढी टेकते, खालची बाजू हवेत राहते आणि घोटा पिळवटतो. जितकी पादुका रुंद, तितका पीळ अधिक. म्हणजे जी रुंदी भुसभुशीत हिमात तारते, तीच गोठलेल्या उतारावर मारते.

जपानच्या डोंगरी मुलखात यावर साधा तोडगा निघाला होता. तिथल्या पादुकेला 'कांजिकी' म्हणतात. वाकवलेल्या लाकडाची लहानशी लंबगोल कडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना खाली वळलेल्या लाकडी नख्या. कडी लहान, म्हणून चढावर घोटा पिळत नाही. नख्या रुततात, म्हणून पाय घसरत नाही. हाही डोंगरातल्या लाकूडतोड्यांचा आणि शिकाऱ्यांचा शोध.

युरोपात मात्र दोन वाटा वेगळ्या झाल्या. आल्प्समधले शिकारी आणि मेंढपाळ बुटाखाली चार काट्यांची लोखंडी पट्टी बांधीतच. गिर्यारोहण हा छंद वाढला तेव्हा ऑस्कर एकेनस्टाइन या इंग्रज अभियंत्याने १९०८ च्या सुमारास दहा काट्यांचा पूर्ण तळव्याचा सांगाडा आखला. इटलीतल्या कूर्मायर गावच्या ग्रिव्हेल या लोहारांच्या घराण्याने तो १९१० साली तयार करून विकायला काढला. १९२९ साली त्याच घराण्यातल्या लॉरां ग्रिव्हेलने पुढे रोखलेले आणखी दोन काटे बसवले, त्यामुळे उभ्या बर्फावर बुटाचा पुढचा भाग रोवून चढता येऊ लागले. यालाच क्रॅम्पॉन म्हणतात. अशा रीतीने निखळ बर्फाचा प्रश्न सुटला. पण क्रॅम्पॉनला रुंदी नाही. ताज्या हिमात तो बुटाइतकाच रुततो.

दोन वाटा पुन्हा एकत्र आल्या त्या अमेरिकेच्या पश्चिम भागात. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅस्केड पर्वतात हिम भरपूर पडते आणि उतारही तीव्र आहेत. एलन्सबर्ग गावचे जीन आणि बिल प्रेटर हे बंधू तिथले गिर्यारोहक. मैदानी लाकडी पादुका इथे चालत नाही हे त्यांनी अनुभवले होते. १९७० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी नवी पादुका बनवली : ॲल्युमिनियमच्या नळीची आखूड चौकट, वाद्यांच्या जाळीऐवजी अखंड रबरी कापड, आणि मुख्य म्हणजे बुटाच्या चवड्याखाली बिजागरीवर हलणाऱ्या धातूच्या नख्या. पाऊल उचलले की नख्या मोकळ्या होतात. चवड्यावर भार आला की त्या बर्फात रुततात. तिला त्यांनी 'शेर्पा' हे हिमालयातले नाव दिले. जीन प्रेटर याने १९७४ साली या विषयावर पुस्तकही लिहिले. पुढे कडक प्लास्टिकच्या पादुका आल्या. कडेला करवतीसारख्या दातांच्या धातूच्या पट्ट्या आल्या, त्यामुळे आडवा उतार कापताना कडही धरू लागली. आणि टाचेखाली वर करायची एक तारेची दांडी आली. उभ्या चढावर टाच तिच्यावर टेकली की जिन्याच्या पायरीवर टेकल्यासारखे वाटते आणि पोटऱ्यांचा ताण वाचतो.

श्रोतेहो, आता स्ट्रेबोचा तो नगारा आणि ते काटे पुन्हा आठवा.

माझा विद्यार्थी म्हणेल, "सर, इतिहास झाला. पण घेऊ काय?" तर या इतिहासातून निघणारे चार हिशेब असे. एक : चढणीच्या मुलखासाठी पादुका आखूड आणि अरुंद घ्यावी, वजन पेलेल एवढीच, मोठी म्हणजे चांगली, हा समज मैदानातला आहे. दोन : नख्या चवड्याखाली तर हव्यातच, पण कडेलाही दात हवेत, कारण डोंगरात सरळ चढण्यापेक्षा आडवे जाणे अधिक घडते. तीन : बूट पक्का बांधला जातो ना, हातमोजे न काढता पट्टे सोडता येतात ना, हे घरीच पाहावे, गारठ्यात बोटे चालत नाहीत. चौथा हिशेब सर्वांत महत्त्वाचा. वाट कशी आहे, हे आधी विचारावे. ज्या वाटेवर रोज शेकडो माणसे चालतात तिथला हिम तुडवून घट्ट होतो आणि पहाटे काचेसारखा गोठतो. तिथे हिमपादुका म्हणजे नुसते ओझे. बुटावर ओढून चढवायची काट्यांची साखळी पुरते. आणि उतार फार उभा व बर्फ फार कडक झाला, तर सगळ्यात महागडी हिमपादुकाही उतरवून ठेवावी. तिथे क्रॅम्पॉन, बर्फाची कुऱ्हाड आणि ती वापरायला शिकलेला हात लागतो. हे नसेल तर परत फिरावे.

शिवाय एक संकट असे आहे की, त्याला कोणतीच पादुका उत्तर देत नाही. ते म्हणजे हिमकडा कोसळणे. बहुतेक हिमकडे ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सुटतात. गंमत अशी की, चांगली पादुका माणसाला नेमकी अशाच उतारावर नेऊन पोहोचवते.

इथे जपानमधली एक घटना सांगितल्यावाचून राहवत नाही. जानेवारी १९०२. रशियाशी युद्ध होणार या अंदाजाने जपानी लष्कर हिवाळी कूच करून पाहत होते. आओमोरी येथील पलटणीचे २१० जण हाक्कोदा डोंगराकडे निघाले. वाटेतल्या गावकऱ्यांनी हवामान पाहून जाऊ नका म्हटले, वाटाड्या देऊ केला, पण तो नाकारला गेला असे सांगतात. वादळात वाट हरवली. २१० पैकी १९९ मेले. त्याच दिवसांत हिरोसाकी येथील दुसऱ्या पलटणीची छोटी तुकडी, चाळिसाच्या आतबाहेरची, त्याच डोंगरातून उलट दिशेने गेली. तिने गावोगावचे वाटाडे बरोबर घेतले होते. ती सारी माणसे जिवंत परतली. देश एक, लष्कर एक, बर्फ एकच. झेनोफोनच्या पाटलाची आठवण होते की नाही?

आपल्या देशातही हे गावठी शहाणपण आहे. काश्मिरातले शेतकरी भाताच्या पेंढ्याचे 'पुलहोर' नावाचे जोडे विणीत. बर्फावर पेंढा घसरत नाही, हे त्यांना ठाऊक होते. भात आपणही पिकवतो, पेंढा आपल्याकडेही आहे. पण त्याचा जोडा करायची गरज आपल्याला कधी पडली नाही. सातारा-कोल्हापूरकडचे कितीतरी जवान मात्र सरहद्दीवरच्या बर्फात राहून आले आहेत. तुमच्या गावात असा कुणी निवृत्त जवान असेल, तर शिक्षकांनी त्याला एकदा वर्गात बोलवावे. भूगोलाचा धडा मुलांच्या कायमचा ध्यानात राहील.

माझा विद्यार्थी जानेवारीत परत आला. नाकाचा शेंडा उन्हाने सोललेला. मी विचारले, "झालं का शिखर?"

"नाही सर. शेवटच्या चढाखाली आमच्या वाटाड्याने टाच आपटून पाहिली. टाच रुतलीच नाही. म्हणाला, उतरा खाली. आमच्यातला एकजण फार हट्टाला पेटला होता. वाटाडा काही बोलला नाही. नुसता त्याच्या पुढे जाऊन उभा राहिला."

"मग?"

"मग उतरलो. खाली गावात त्याच्या घरी राजम्याची आमटी खाल्ली. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलंय त्यानं. म्हणाला, पादुका विकत घेऊ नका, माझ्याकडे आहेत. फक्त येण्याआधी मला विचारा."

मला वाटते, त्या वाटाड्याने माझ्या भाषणातले सगळे एका वाक्यात सांगितले.